लिहायचं असेल तर कॉलेज करायलाच हवं का?

कोरी_पाटी

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. बारावी होऊन दोन वर्षं झाली. तेव्हा घरची परिस्थिती अशी होती की लगेच नोकरी धरावी लागली. दिवसभर बिलिंग काउंटरवर असते, रात्री सगळं आवरलं की लिहायला बसते. आत्तापर्यंत चौदा कथा झाल्यात, दोनशे पानी तीन वह्या भरल्यात. त्यातल्या चार कथा टाइप करून मासिकांना पाठवल्या पण एकीचंही उत्तर आलं नाही, नापसंतीचंसुद्धा नाही. आता घरचं जरा सावरलंय आणि दादा मागे लागलाय की कॉलेजला अ‍ॅडमिशन घे, साहित्य विषय घे, तुला लेखिकाच व्हायचंय ना. एकीकडे वाटतं तीन वर्षं परीक्षेसाठी वाचण्यात घालवायची त्यापेक्षा तेवढ्या वेळात एक कादंबरी लिहून होईल. आणि दुसरीकडे वाटतं की मला काय येत नाही हेच मला कळत नाहीये, मग ते सांगणार कोण? तुमच्यात लिहिणारे, शिकवणारे, छापणारे सगळे आहेत. प्लीज खरं खरं सांगा, मला बरं वाटावं म्हणून सांगू नका.

नांगरट

ताई, काही गरज नाही. अण्णाभाऊ साठे शाळेत गेले जेमतेम दीड दिवस. त्यांची 'फकिरा' आली १९५९ला आणि १९६१ला तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. बहिणाबाईंना तर लिहिता-वाचता येत नव्हतं. नाटककार विजय तेंडुलकरांनी ४२च्या चळवळीत चौदाव्या वर्षी शाळा सोडली ती सोडलीच. कोणत्या कॉलेजने घडवलं यांना?

मी स्वतः दहावीनंतर शेतात. सात-आठ वर्षांपूर्वी कवितांची फाइल घेऊन एका प्रकाशकाकडे गेलो होतो. तिथल्या माणसाने फाइल उघडायच्या आधी विचारलं, शिक्षण किती? मी सांगितलं. त्याने फाइल तशीच, दोरी न सोडता माझ्याकडे सरकवली आणि म्हणाला आधी थोडं वाचन वाढवा. मी काय वाचलंय ते त्याने विचारलंच नाही. ती दोरीची गाठ मी घरी येईपर्यंत सोडली नाही. तेव्हापासून कॉलेजचा विषय निघाला की माझं डोकं फिरतं, त्यामुळे शब्द जरा कडक गेले तर समजून घ्या. पण लिहिणं हे जगण्यातून येतं, वर्गातून नाही.

डेडलाइन

नांगरट दादांना +१. मी जाहिरातींची कॉपी लिहितो, पदवी कॉमर्सची, कामात तिचा आजवर उपयोग झालेला नाही. मला लिहायला कामाने शिकवलं. अमेरिकन लेखक हेमिंग्वे १९१७मध्ये शाळा संपवून कॉलेजला न जाता थेट एका वर्तमानपत्रात लागला आणि तिथे होता फक्त सहाएक महिने. पण त्या पेपरची बातमीदारांसाठी नियमावली होती, वाक्य छोटं ठेवा, पहिला परिच्छेद छोटा ठेवा वगैरे, आणि त्या नियमांचं ऋण तो पुढे कायम मानत आला. सहा महिने, तीन वर्षं नाहीत! रोज संध्याकाळी कुणीतरी तुमच्या मजकुराची वाट बघतंय ही जी भीती असते ना ती सगळ्यात चांगली शिक्षिका. कोरी_पाटी, कुठल्यातरी साप्ताहिकात, वेबसाइटवर, कुठेही जिथे तारीख पाळावी लागते तिथे लिहायला लाग.

रानजाई

मी बावीस वर्षं साहित्य शिकवलं, तेव्हा माझी बाजू उघडच आहे, तरी प्रामाणिकपणे लिहिते.

कॉलेजने लेखक घडतो असं मी कधीच म्हणणार नाही. माझ्या वर्गातून शेकड्यांनी मुलं गेली, त्यातली लिहिती राहिली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि ती वर्गात येण्याआधीपासूनच लिहिणारी होती. पण कोरी_पाटी, तू जे लिहिलंस ना की मला काय येत नाही हेच कळत नाहीये, तिथे मी थांबले. हा प्रश्न पडायलाच अनेकांना दहा वर्षं लागतात.

वर्गात एक गोष्ट होते जी एकटीने होणं अवघड असतं, ती म्हणजे आपल्याला न आवडणारं पुस्तक शेवटपर्यंत वाचावं लागणं. आपण आपल्या मनाने वाचतो तेव्हा आवडीचंच वाचतो, आणि मग लिहितानाही त्याच चार लेखकांचे आवाज आपल्या तोंडून निघत राहतात आणि आपल्याला वाटतं ही आपली शैली. एक मुलगा होता, दर तासाला कुरकुर करायचा की या जुन्या कवितेचं मला काय करायचंय. वर्षाच्या शेवटी त्याने मला एक कथा दाखवली, त्यातली म्हातारी ज्या लयीत बोलत होती ती लय सरळ त्या ओव्यांमधून आलेली होती. त्याला पत्ता नव्हता. मी सांगितलं तर आधी कबूलच होईना, मग घरी जाऊन मोजून आला.

आणि नावंच मोजायची तर मराठीतले चार ज्ञानपीठवाले बघा. खांडेकर (१९७४) पदवी न घेताच कॉलेज सोडून शाळामास्तर झाले, कुसुमाग्रज (१९८७) बीए, आणि करंदीकर (२००३) आणि नेमाडे (२०१४) दोघंही इंग्रजीचे प्राध्यापक. यातून काय सिद्ध होतं? काहीच नाही. नावांच्या याद्या दोन्ही बाजूंनी हव्या तेवढ्या लांब करता येतात.

नांगरट

मॅडम, तुमच्याबद्दल आदर आहे. पण जुनी ओवी ऐकायला वर्ग कशाला लागतो? माझी आजी जात्यावर गायची, मी तिच्या मांडीवर झोपून ऐकलीय. तुमच्या विद्यार्थ्याला ज्यासाठी वर्षभर बसावं लागलं ते मला फुकट मिळालं. मग मी अडाणी आणि तो शिकलेला हे कसं काय?

रानजाई

नांगरट, तुम्ही अडाणी नाही आणि मी तसं म्हटलेलं नाही. तुम्हाला मिळालं हे खरंच आहे, आणि ज्याला आजी मिळाली नाही त्याच्यासाठी वर्ग आहे एवढंच माझं म्हणणं. तुमची फाइल ज्याने न उघडता परत केली त्याने स्वतःच्या धंद्याशी बेइमानी केली, त्यात दुसरं मत नाही.

मध्यरात्र

सगळं वाचून काढलं. मला एक गोष्ट खटकतेय ती बोलते.

शाळा न शिकता मोठे झाले म्हणून आपण जी नावं घेतो ना, ती नावं आपल्यापर्यंत पोचली म्हणून आपण घेतो. जी पोचली नाहीत त्यांचं काय? बहिणाबाईंचंच बघा. १९५१ला त्या गेल्या, कविता पुस्तकात आल्या १९५२ला. त्या कविता उतरवून घेतल्या कुणी, तर मुलाने, सोपानदेवांनी, जे स्वतः कवी होते, आणि मग ते बाड अत्र्यांसमोर गेलं आणि त्यांनी ते छापलंच पाहिजे म्हणून धरून ठेवलं. म्हणजे निरक्षर कवयित्रीच्या मागे एक शिकलेला हात होता आणि त्या हाताला पुढे ओळख होती. तो मुलगा शिकलाच नसता किंवा त्याला कवितेची गोडीच नसती तर? तशा किती बाया गाऊन गेल्या असतील त्यांची आपल्याला नावंसुद्धा ठाऊक नाहीत. तेंडुलकरांनी शाळा सोडली हे खरं पण त्यांच्या घरात वडिलांचा छोटासा प्रकाशनाचा उद्योग होता, पुस्तकं घरातच वाढत होती, आणि पुढे ते वर्तमानपत्रांत काम करत होते.

म्हणून मला वाटतं प्रश्न कॉलेज हवं की नको असा नाहीये. कॉलेजातून जे मिळतं ते तुला दुसरीकडून कुठून मिळतंय का, असा आहे. मिळत असेल तर खुशाल जाऊ नकोस. कोरी_पाटी, तुझ्या घरात किंवा ओळखीत लिहिणारं, निदान वाचणारं कोण आहे?

कोरी_पाटी

कुणीच नाही. दादाने माझी एकच कथा वाचली, म्हणाला छान आहे. आई वाचत नाही. एक मैत्रीण आहे ती म्हणते तू ग्रेट आहेस. लायब्ररी आहे जवळ, तिथे रविवारी जाते, पण तिथे बोलायला मनाई असते :)

मध्यरात्र, तुमचं वाचून रात्री झोप नाही आली. त्या इतर बायांचं.

डेडलाइन

मध्यरात्रचा मुद्दा मान्य. मीही जरा घाईत लिहिलं, हेमिंग्वेला ते सहा महिने मिळाले कारण त्याला तिथे लावणारे कुणीतरी होते. पण लायब्ररीला कमी लेखू नका. पोर्तुगीज कादंबरीकार सारामागो, १९९८चं नोबेल, घरची ऐपत नव्हती म्हणून साधी शाळा सोडून तांत्रिक शाळेत घातलेला मुलगा, गाड्या दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसायचा, कुणाच्या मार्गदर्शनाशिवाय हाताला लागेल ते वाचत. इंग्रजी लेखिका डोरिस लेसिंगनेही चौदाव्या वर्षी शाळा सोडली आणि पुढे आयुष्यभर वाचत राहिली, २००७चं नोबेल.

जुनाप्रूफवाला

चार दिवस धागा वाचतोय, आज सवडीने लिहितो. लांबेल.

मी एकतीस वर्षं प्रुफं तपासली. आधी खिळ्यांच्या छपाईची, मग ऑफसेटची, शेवटी कॉम्प्युटरची. किती हस्तलिखितं डोळ्याखालून गेली त्याची गणती नाही. हस्तलिखित वाचून मला लेखक पदवीधर आहे की नाही हे ओळखता येतं का? पहिल्या पानावर येतं, र्‍हस्वदीर्घावरून, विरामचिन्हांवरून. दहाव्या पानावर नाही येत. आणि पहिल्या पानावरचं जे आहे ते माझ्यासारखा माणूस दुरुस्त करतो, त्यासाठीच तो बसलेला असतो. ज्याला शुद्धलेखन येत नाही त्याने लिहू नये असं म्हणणारे लोक मला भेटलेत, त्यांच्या स्वतःच्या प्रुफांत मी काय काय बघितलंय ते मी सांगत नाही.

मी दुसरं काहीतरी बघितलं. एक गृहस्थ होते, पोस्टात कारकून, मॅट्रिकसुद्धा नसावेत. त्यांची पहिली कादंबरी आमच्याकडे लागली होती. प्रुफं न्यायला स्वतः यायचे आणि माझ्या टेबलाशेजारी स्टुलावर बसूनच तपासायचे. तिसऱ्या प्रकरणात एक पानभर पावसाचं वर्णन होतं. सुंदर होतं, मी स्वतः दोनदा वाचलं होतं. त्यांनी ते अख्खं पान वरून खाली तिरकी रेघ मारून काढून टाकलं. मी म्हटलं अहो साहेब, का हो? तर म्हणाले, "इथं बाई घर सोडून चाललीय, तिला पाऊस दिसत नसणार." मी त्या वाक्यानंतर एकतीस वर्षांतली उरलेली वर्षं जी प्रुफं वाचली ती वेगळी वाचली. मी नंतर विचारलं की हे तुम्हाला कुणी शिकवलं. म्हणाले पोस्टात ज्यांना लिहिता येत नाही त्यांची पत्रं लिहून द्यायचो, वीस वर्षं लिहिली, लोक शब्दाशब्दाला थांबवायचे, म्हणायचे "हे मी नाही बोललो, हे काढा."

आता हे कॉलेज नव्हे काय? समोर बसून कुणीतरी सांगतंय की हे काढा, हे माझं नाही. अण्णाभाऊंचंही तसंच. दीड दिवसाची शाळा सगळे सांगतात, पण १९४४पासूनचं लाल बावटा कलापथक कुणी सांगत नाही. हजारोंच्या गर्दीपुढे रात्री शाहिरी करायची, ओळ पडली तर तिथल्या तिथे कळतं, त्याला निकालाची वाट बघावी लागत नाही. नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई होते, आणि शिपाई असतानाच परीक्षा देऊन शिक्षक झाले, तेव्हा शिक्षण नको असं त्यांनीही मानलेलं दिसत नाही. १९६६ला त्यांचा संग्रह आला त्याचं नावच 'माझे विद्यापीठ'. त्याच्या चार दशकं आधी रशियन लेखक गॉर्कीने आत्मचरित्राच्या तिसऱ्या भागाला 'माझी विद्यापीठे' असं नाव दिलं, तो सोळाव्या वर्षी विद्यापीठात शिकायचं म्हणून दुसऱ्या गावी गेला होता आणि प्रवेश मिळाला नाही, मग बेकरीत, गोदीत जे शिकला त्याला त्याने ते नाव दिलं. नाकारलं गेल्याचं दुःख त्या नावात आहे. ज्याला विद्यापीठ नकोच होतं तो माणूस असं नाव देत नाही.

तेव्हा पोरी, माझं म्हणणं एवढंच की तुला कथा "छान आहे" म्हणणारे दोन जण आहेत आणि "हे काढ" म्हणणारं कुणी नाही. ते माणूस आधी शोध. कॉलेजात मिळालं तर कॉलेजात.

नांगरट

काका, पोस्टातल्या कारकुनांचं ते बाईबद्दलचं वाक्य मी कागदावर लिहून ठेवलंय.

रानजाई मॅडम, एक कबूल करतो. त्या प्रकाशकानंतर मी कुणालाच कविता दाखवल्या नाहीत. आठ वर्षं. मला वाटायचं मला कुणाची गरज नाही हे मी सिद्ध करतोय.

रानजाई

नांगरट, मला दाखवा. व्यक्तिगत निरोप पाठवा, मी सावकाश आणि पेन्सिल घेऊन वाचेन. आणि शिक्षण विचारणार नाही.

जुनाप्रूफवाला काका, तुमच्या प्रतिसादानंतर मला माझीच बाजू थोडी कमी करावीशी वाटतेय. आमच्याकडे तीन वर्षांत मुलं पुस्तकांबद्दल लिहितात, स्वतःचं लिखाण कुणी मागत नाही. कथा कशी आहे यावर आठ मार्कांचं उत्तर लिहिता येणं आणि कथा लिहिता येणं यात फार अंतर आहे. साहित्य विषय घेतला म्हणजे लिहायला शिकवतील असं समजून जी मुलं येतात ती पहिल्याच वर्षी हिरमुसतात, हे कोरी_पाटीला आधीच कळलेलं बरं.

शब्दांकित

लेखन शिकवणारे वेगळे कोर्स असतात की, त्याबद्दल कुणीच बोललं नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाची लेखन कार्यशाळा १९३६पासून चालू आहे. कादंबरीकार इशिगुरोने इंग्लंडच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठात लेखनाचं एमए केलं १९८०ला, तिथे जे लिखाण सादर केलं त्याचीच पुढे पहिली कादंबरी झाली, आणि २०१७ला नोबेल. म्हणजे वर्गात बसून होतं.

मी असाच एक वर्षाचा कोर्स केलाय, नाव सांगत नाही. सगळ्यात कामाची गोष्ट ती टेबलाची. बारा जण गोल बसायचे, तुमची कथा सगळ्यांनी आधी वाचून आणलेली असायची आणि चर्चा चालू असताना तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. तुम्हाला सारखं वाटत राहतं की अरे मला असं म्हणायचं नव्हतं, पण तोंड उघडायचं नाही, आणि मग हळूहळू लक्षात येतं की पुस्तक छापल्यावर वाचकाच्या घरी जाऊन तुम्ही थोडीच सांगणार आहात की मला असं म्हणायचं नव्हतं. हे शिकायला मला एक महिना पुरला. उरलेले अकरा महिने सगळेजण एकमेकांसारखं लिहायला लागले होते हेही सांगायला हवं. आणि मी त्यासाठी कर्ज काढलं, ते चार वर्षं फेडलं, त्या चार वर्षांत ओव्हरटाइम केल्यामुळे लिहिलं जवळपास शून्य. कर्ज काढून लेखन शिकू नकोस एवढं कळकळीने सांगते. स्कॉलरशिप असेल तर धावत जा.

मध्यरात्र

कर्जाचं अगदी खरं. आणि कोरी_पाटी, पदवीचा पोटापाण्याशी असलेला संबंध वेगळा धर. लिहिण्याला पदवी लागत नसेल पण बरी नोकरी मिळायला बऱ्याच ठिकाणी लागते आणि बरी नोकरी म्हणजे रात्रीचा एखादा तास जास्त. रशियन कथाकार चेखव्ह डॉक्टर होता, त्याने साहित्याची पदवी नाही घेतली, वैद्यकाची घेतली, आणि रुग्ण बघता बघता लिहिलं. बाहेरून परीक्षा देऊन पदवी करता येत असेल तर तो एक रस्ता आहे, नोकरी सोडावी लागणार नाही. विषय साहित्यच हवा असंही नाही, इतिहास घे, मानसशास्त्र घे, ज्याने तुझ्या कथेत माणसं येतील ते घे.

जुनाप्रूफवाला

कोरी_पाटी, इतके दिवस आम्हीच बोलतोय. तुझ्या वहीतल्या चार ओळी टाक ना इथे. नव्या कथेची सुरुवात, आहे तशी. दुरुस्त करत बसू नकोस.

कोरी_पाटी

हात कापतायत. टाकते.

"अंधार सर्वत्र पसरला होता आणि तिच्या मनातही एक गूढ पोकळी निर्माण झाली होती. तिने आईची चष्म्याची डबी उघडली. आत चष्मा नव्हता, औषधाची जुनी चिठ्ठी होती घडी घातलेली. चिठ्ठीच्या मागे आईने पेन्सिलीने बेरीज मांडली होती."

जुनाप्रूफवाला

पहिलं वाक्य काढ. ते मी आजवर निदान दोनशे हस्तलिखितांत वाचलंय, ते तुझं नाही. दुसऱ्या वाक्यापासून तुझी कथा आहे. डबी उघडली की आम्ही तुझ्यासोबत वाकून आत बघतो, अंधार वेगळा सांगावा लागत नाही.

"औषधाची जुनी चिठ्ठी होती घडी घातलेली" हे असंच ठेव, कुणी शब्द नीट लावून दिले तर ऐकू नकोस, डोळा ज्या क्रमाने बघतो त्या क्रमाने आलेत.

रानजाई

काकांशी पूर्ण सहमत. मला एक विचारायचंय. बेरीज कसली होती ते नको सांगूस, आत्ताच नको. पण ती बरोबर होती का?

कोरी_पाटी

हा प्रश्न मलाच पडला नव्हता. मी फक्त बेरीज होती एवढंच लिहून पुढे गेले होते, पुढे तीन पानं मुलीच्या मनातलं दुःख आहे. आज काउंटरवर दिवसभर तेच डोक्यात. गिऱ्हाइकाचे पैसे मोजताना अचानक दिसली मला ती बेरीज. आत्ता घरी येऊन लिहिलं.

"तिने आईची चष्म्याची डबी उघडली. आत चष्मा नव्हता, औषधाची जुनी चिठ्ठी होती घडी घातलेली. चिठ्ठीच्या मागे आईने पेन्सिलीने बेरीज मांडली होती. तिने ती परत केली, ओठ हलवत, बोटांवर. आईची चुकली होती. हातचा एक घ्यायचा राहिला होता, आणि तेवढ्यावर आई तीन महिने गप्प बसली होती."

दादाला वाचून दाखवलं. या वेळेला छान आहे नाही म्हणाला. म्हणाला पुढे काय. बाहेरून परीक्षेचा फॉर्म त्याने आणलाय, शेवटची तारीख या महिन्याची आहे, विषय अजून ठरला नाही.

जुनाप्रूफवाला

पुढचं इथे टाकू नकोस आता, पूर्ण लिहून काढ. झाली की मला पाठव, आणि कागदावर पाठव, मला समासात लिहायची सवय आहे. त्या तीन पानांचं काय करायचं ते तुझं तुला कळलं असेलच.